दोनशे रुपये कमी करून घेतले आणि १७,३०० घालवले

कॉम्प्युटरची रॅम (चालू कामाची मेमरी) घेताना फसले, आणि लोक हसतील म्हणून महिनाभर गप्प बसले. आता हसा.

मी पंचवीसेक वर्षं डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावते. पुस्तकं, लग्नपत्रिका, स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं. मशीन स्वतः जोडते. पहिलं १९९९ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलं होतं, त्यात ६४ एमबी रॅम होती. सोसायटीत कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की बेल आमची वाजते. म्हणजे मी अडाणी नाही, हे आधीच सांगून ठेवते. अडाणी असते तर भाच्याला विचारलं असतं आणि वाचले असते.

डिसेंबरात नवीन मशीन करायला घेतलं. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड. ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नव्हतं, आणि ५६००जीमधलं ग्राफिक्स रॅमच्याच जिवावर चालतं. म्हणून रॅमची एक मोठी स्टिक (पट्टी) न घेता १६-१६ जीबीच्या दोन घ्यायच्या, म्हणजे ड्युअल चॅनेल, दोन्हींतून एकदम काम; डीडीआर४ पिढीच्या, वेग ३२००, टायमिंग सीएल१६. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही.

भाव मात्र पेटलेले. मार्चमध्ये भाच्यासाठी हीच १६ जीबीची स्टिक मी २,९०० ला आणली होती. आता नेहमीच्या दुकानात ९,८०० सांगितले, एका स्टिकचे! सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हातात रॅमच्या चिपांचा बहुतेक सगळा धंदा, आणि तिघांनाही आता एआयच्या डेटा सेंटरांना माल द्यायचाय. ३ डिसेंबरला मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या बातमीने माझा धीर सुटला. उद्या आणखी वाढेल, या घाईतच माणूस गळाला लागतो.

कुणीतरी एका तळघरातल्या दुकानाचं नाव सांगितलं. तिथे जोडी ११,८०० ला. स्टिकवर नामांकित कंपनीचा काळा हीटसिंक (उष्णता काढणारं धातूचं कवच), स्टिकर झकास. बॉक्स नाही. "ओईएम माल आहे ताई, ट्रे पॅक येतो." म्हणजे कॉम्प्युटर कंपन्यांना बॉक्सशिवाय घाऊक जाणारा. बिल हवं असेल तर अठरा टक्के वर. मी नको म्हटलं. म्हणजे शेवटी ठरलेल्या भावावर २,०८८ रुपये वाचवले, आणि नंतर प्रत्येक दारात त्याच २,०८८ रुपयांनी मला बाहेर काढलं.

आता तो क्षण. रात्री अजूनही आठवतो.

मी स्टिक हातात घेऊन उजेडात धरली. खालच्या सोनेरी पिनांवर उभ्या बारीक रेघा होत्या. स्लॉटमध्ये घालून काढल्याच्या. एकदा नाही, बऱ्याचदा. आयुष्यभर रॅम काढते-घालते आहे, त्या रेघा मी ओळखत नाही? ओळखल्या. बोटही ठेवलं त्यांच्यावर. तो म्हणाला, "टेस्ट करून देतो ना ताई आपण." एकदा टेस्ट केल्याने इतक्या रेघा पडत नाहीत, हे मला कळत होतं. आणि मी काय म्हणाले? "मग दोनशे कमी करा."

त्याने लगेच केले. तेव्हाही कळायला हवं होतं. या भावात कोण दोनशे सोडतं?

११,६०० दिले. १०,००० रोख, १,६०० यूपीआयने. यूपीआयवर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. तेही पाहिलं आणि पिन टाकला.

बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) ३२ जीबी, एक्सएमपी हे वेगाचं सेटिंग लावल्यावर ३२००, सगळं गोड. गोड दिसणारच. स्टिकवर एसपीडी नावाची चिमुकली चिप असते, वेग आणि टायमिंग तिच्यात लिहिलेलं असतं आणि बोर्ड त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ती पुन्हा लिहिता येते. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या एसपीडी टॅबमध्ये उत्पादनाचा आठवडा आणि वर्षाची जागा कोरी होती, तिकडे मी लक्ष दिलं नाही. (मेमरी टॅबमध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका, तिथे निम्मा आकडाच येतो. कोरी जागा दिसली तर घाबरा.)

नवव्या दिवशी मशीन दोनदा लटकलं. दहाव्या दिवशी एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची १७६ पानांची इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर) फाइल उघडेना. बॅकअप होता, पण मशीन जोडलं त्या दिवशीचा. मधली ६४ पानं पुन्हा लावली. तीन रात्री, आणि मदतीला बोलावलेल्या मुलीचे ४,५००. प्रेसवाला रोज सकाळी फोन करून "झालं का मॅडम" विचारायचा, ते वेगळंच.

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला. पहिल्याच फेरीत १,१२८ एरर. तिथे एकही एरर चालत नाही, एकही! हे काम पहिल्या रात्रीच करायचं असतं, जुना डेटा नव्या मशीनवर चढवायच्या आधी. मी दुसऱ्यांना नेहमी सांगते.

हेअर ड्रायरने गरम करून हीटसिंक उचकटला. आत एका स्टिकवर सॅमसंगच्या चिपा, नंबराच्या शेवटी बीसीपीबी. म्हणजे २१३३ चा माल. दुसऱ्या स्टिकवर हायनिक्स, यूएचसी, म्हणजे २४००. कुठल्या तरी ऑफिसातून भंगारात काढलेल्या स्टिक, त्यांना काळं जाकीट चढवून ३२०० म्हणून विकलं होतं. वेग कमी केला तर कदाचित चालल्याही असत्या, पण मी पैसे ३२०० चे मोजले होते. आणि वरच्या दोन्ही स्टिकरांवर सीरियल नंबर एकच. अक्षर न् अक्षर तोच. काउंटरवर दोन स्टिक शेजारी ठेवून नंबर वाचायला दहा सेकंद लागतात.

दुकानात गेले. "तुम्ही उघडलीत, आता वॉरंटी गेली." कसली वॉरंटी? आवाज चढवला तेव्हा खणातून 'नवा पीस' काढला. त्याच्यावरही तोच नंबर. मी वाचून दाखवला, तर म्हणाला, "तो बॅच नंबर असतो."

पुढे चौकी. रॅम म्हणजे काय ते आधी समजावलं. "पण चालतंय ना?" चालतं, पण चुका करतं. "चुका तर आमचाही कॉम्प्युटर करतो." मग बिल मागितलं. बिल नाही म्हटल्यावर हा दिवाणी मामला ठरला. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते, हे मी घरून वाचून गेले होते. ते म्हटल्यावर "वकील आहात का?" एवढंच उत्तर. साधा अर्ज घेतला, पोच दुसऱ्या दिवशी न्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या दिवशी अर्ज कुणाकडे आहे तेच सापडेना.

एका हेल्पलाइनवर २५ मिनिटं संगीत ऐकलं. ही ऑनलाइन फसवणूक नाही, तुम्ही स्वतः दुकानात गेला होतात, म्हणाले. म्हणजे घरबसल्या फसले असते तर दखल घेतली असती. दुसऱ्या हेल्पलाइनने दुकानदाराचा जीएसटी नंबर मागितला. अहो, तो असता तर बिल नसतं का? ज्या कंपनीचं नाव स्टिकरवर होतं तिचं उत्तर ११ दिवसांनी आलं: हा नंबर आमच्या नोंदीत नाही, विक्रेत्याशी संपर्क साधा. तुमच्या नावाचे खोटे स्टिकर छापले जातात, याचं त्यांना सोयरसुतक नाही.

आणि ज्यांनी ज्यांनी मला "बिल का नाही घेतलं" असं विचारलं, त्यांनी घरच्या सुताराचं आणि मोबाइलच्या स्क्रीनचं बिल आधी दाखवावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. एकाही खिडकीवर मला हे कुणी सांगितलं नाही, रात्री दोन वाजता मीच शोधून काढलं. पाच लाखांपर्यंतच्या मालाला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही आणि मुदत दोन वर्षांची, हेही तसंच. तक्रार टाकली आहे. पुरावा म्हणून १,६०० ची यूपीआय नोंद आणि फोटो. उरलेले १०,००० मी दिलेच नाहीत असं तो म्हणेल, आणि माझ्याकडे उत्तर नाही. निदान रोख देऊ नका.

शेवटी नेहमीच्या दुकानातून बिलासकट घेतल्या, तोवर भाव १०,४०० झाला होता. म्हणजे दोन स्टिकमागे १,२०० जास्त. ११,६००, ४,५०० आणि १,२०० मिळून १७,३००. जागरणांचे पैसे धरलेले नाहीत.

आणखी काही, आठवेल तसं. स्वस्तात 'सर्व्हर रॅम' कुणी देऊ केली तर लक्षात ठेवा, सर्व्हरसाठीची रजिस्टर्ड ईसीसी स्टिक घरच्या साध्या बोर्डावर चालत नाही. जुन्या डीडीआर३ मशीनसाठी 'फक्त एएमडी' असं लिहिलेल्या स्टिक मिळतात, इंटेलवाल्यांनी हात लावू नये. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात पण खाच वेगळ्या जागी, जोर लावू नका. चार स्लॉट असतील तर दोन स्टिकसाठी प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. आणि पिनांवर रेघा दिसल्या तर भाव करू नका, उठा.

गेल्या दोन-तीन महिन्यांत कुणी तळघरातून काळ्या हीटसिंकची जोडी घेतली असेल, तर आज मशीन उघडून स्टिकर बघा. दोन्हींवर एकच नंबर असेल आणि शेवटचे आकडे ४४७१ असतील, तर मला कळवा. आयोगासमोर एकटीच्या स्टिकरपेक्षा चार जणांचे स्टिकर बरे.