डार्क पीक की स्वेलडेल: मूर आणि दरीतल्या माउंटन बाइकच्या वाटांची तुलना

उत्तर इंग्लंडमध्ये माउंटन बाइक घेऊन दोन दिवस घालवायचे ठरवले, की मँचेस्टर, शेफील्ड किंवा लीड्स परिसरात राहणाऱ्यांपुढे प्रामुख्याने दोन पर्याय येतात. पहिला पीक डिस्ट्रिक्टचा उत्तर भाग, म्हणजे डार्क पीक. दुसरा यॉर्कशायर डेल्समधील स्वेलडेल. दोन्हीकडे वर मूर आणि खाली हिरवी दरी असल्यामुळे छायाचित्रांत ही ठिकाणे जुळ्या भावंडांसारखी दिसतात. चाकाखालची जमीन मात्र अगदी वेगळी आहे, आणि माझ्या मते निवड त्या जमिनीवरून आणि आधीच्या आठवड्यात पडलेल्या पावसावरूनच करायला हवी.

मूर म्हणजे उंचावरचे झाडे नसलेले, वाऱ्यावर उघडे पडलेले, हेदरच्या खुरट्या झुडपांनी आणि गवताने झाकलेले माळरान. आपल्याकडचा सडा डोळ्यांसमोर आणला तर मोकळेपणाची कल्पना येते, पण सड्याखाली कातळ असतो आणि मूरखाली बहुतेक ठिकाणी पीट असते. पाणथळ जागी शेवाळ आणि इतर वनस्पती पूर्ण न कुजता साचत जाऊन ही काळी, पाणी धरून ठेवणारी माती तयार होते. तिचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर पीट साचायला सुमारे हजार वर्षे लागतात. ओल्या पीटमध्ये रुतलेल्या चाकाने पाडलेली चर पुढच्या पावसाला वाट करून देते, चराचा नाला होतो, आणि चिखल टाळण्यासाठी प्रत्येक जण कडेने गेल्यामुळे वाट दोन्ही बाजूंना पसरत जाते.

डार्क पीकमध्ये हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. एका बाजूला मँचेस्टर आणि दुसऱ्या बाजूला शेफील्ड अशा औद्योगिक शहरांच्या धुराने इथले शेवाळ शतकभराहून अधिक काळ मारले, वणव्यांनी उरलेले जाळले, आणि २००३ पासून तेथील पीट पुन्हा झाकून जिवंत करण्याचे काम संघटितपणे चालू आहे. लँगसेटहून डरवेंट खोऱ्यात उतरणारी ‘कट गेट’ ही वाट इंग्लंडमधील सर्वोत्तम मूरवाटांपैकी एक मानली जाते आणि ती कीर्ती योग्यही आहे: मैलोन्मैल डांबर नाही, घर नाही, आणि शेवटी स्लिपरी स्टोन्सचा जुना दगडी पूल लागतो. तो पूल मुळात डरवेंट गावात होता. लेडीबाउअर धरणाच्या पाण्याखाली ते गाव जाणार म्हणून त्याचे दगड सुटे करून ठेवले आणि पुढे इथे पुन्हा रचले. परंतु कट गेटवरची दलदल वर्षानुवर्षे इतकी वाढली, की पायी फिरणारे आणि सायकलस्वार यांनी वर्गणी जमवून तिच्या दुरुस्तीला हातभार लावला. सलग पावसानंतर इथे जाऊ नये, असे स्थानिक सायकलस्वारच आवर्जून सांगतात आणि ते पाळावे. कोरड्या उन्हाळ्यात किंवा जमीन कडक गोठलेल्या हिवाळी सकाळी ही वाट करावी.

पावसातही चालतील अशा वाटा डार्क पीकमध्ये आहेत, त्या दगडी आहेत. ईडेल गावाहून जेकब्ज लॅडर या खड्या चढाच्या बाजूने ईडेल क्रॉसपर्यंत सुमारे ५४० मीटर उंचीवर चढायचे आणि पलीकडे हेफील्डला उतरायचे, हा त्यातला नामांकित मार्ग. मिठाची आणि मालाची पोती लादलेल्या घोड्यांचे तांडे अशाच वाटांनी पेनाइन डोंगर ओलांडत, जसे आपल्याकडे बैलांचे तांडे घाट चढत असत. ग्रिटस्टोन हा भरड वालुकाश्म ओला असतानाही टायरला चांगला धरतो. मात्र सुट्या धोंड्यांचे आणि पायऱ्यांसारखे उतार मनगटांना आणि ब्रेकना थकवतात. दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली सायकल इथे खरोखर कामी येते आणि नवशिक्याने अनेक ठिकाणी उतरून चालणेच शहाणपणाचे ठरते.

स्वेलडेलची जमीन मनुष्याच्या वेगळ्या उद्योगाने घडवली आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ही दरी शिशाच्या खाणींसाठी ओळखली जात होती. गनरसाइड गिल या ओढ्याच्या घळीच्या उतारांवर खाणकामगार वर बांध घालून पाणी साठवत आणि ते एकदम सोडून माती धुऊन काढत, म्हणजे खालची शिशाची शीर उघडी पडे. त्या धुपीच्या खोल घळी आजही दिसतात. ओल्ड गँग येथे धातू वितळवण्याच्या भट्टीचे अवशेष आहेत आणि वरच्या बाजूला इंधनासाठी पीट साठवण्याच्या लांबलचक इमारतीचे दगडी खांब उभे आहेत. खाणींसाठी तयार झालेल्या गाडीवाटा आणि खाणीतून निघालेल्या खडीचे पसरलेले ढीग, यांमुळे इथल्या मूरवर चाकाला टणक आधार मिळतो. रीथ गावाहून निघून सरेंडर ब्रिज, ओल्ड गँग असे चढत मूर ओलांडून गनरसाइडला उतरण्याचा फेरा म्हणूनच पावसाळी आठवड्यानंतरही बऱ्यापैकी चालवता येतो. इथेही माथ्यावर पीट आहे, परंतु त्यातून जाण्याची गरज कमी पडते. मागे सस्पेन्शन नसलेली साधी माउंटन बाइक पुरते. मला व्यक्तिशः ही दरी अधिक आवडते, कारण प्रत्येक चढाला इतिहासाचे कारण आहे आणि खाली उतरल्यावर दगडी कुंपणे आणि गवताची कोठारे असलेली गावे लगेच भेटतात.

मुले बरोबर असतील, तर रीथ ते केल्ड हा सुमारे २० किलोमीटरचा, २०१७ मध्ये खुला झालेला स्वेल ट्रेल दरीच्या तळाजवळून जातो. तो सपाट आहे असे समजू नये, खडी आणि छोटे तीव्र चढ आहेतच. अगदी लहान मुलांसाठी पीक डिस्ट्रिक्टच्या दक्षिणेकडील चुनखडीच्या भागातला मॉन्सल ट्रेल बरा. तो जुन्या रेल्वेमार्गावर आहे आणि त्याचे बोगदे २०११ पासून खुले आहेत, पण मूरचा अनुभव तिथे मिळत नाही.

पोहोचण्याच्या बाबतीत डार्क पीकचे पारडे निर्विवाद जड आहे. मँचेस्टर ते शेफील्ड रेल्वेमार्गावर ईडेल, होप आणि बॅमफर्ड ही स्थानके वाटांच्या पायथ्याशी आहेत. गाडीत सायकलींसाठी जागा मोजकीच असते, त्यामुळे चार-पाच जणांच्या गटाने वेगवेगळ्या गाड्या धराव्यात. स्वेलडेलमध्ये रेल्वे नाही. जवळच्या रिचमंडपर्यंत येणारी शाखाही १९६९ मध्ये बंद झाली. मोटारगाडी नसेल तर एका दिवसासाठी स्वेलडेल गाठण्याचा अट्टाहास करू नये. दोन दिवस असतील तर रीथमध्ये मुक्काम करावा. शेजारच्या फ्रेमिंग्टनमध्ये सायकलींचे केंद्रही आहे.

कायद्याचा मुद्दा दोन्हीकडे सारखा आहे आणि भारतातून येणाऱ्याला तो हमखास चकवतो. इंग्लंडमध्ये ‘फुटपाथ’ म्हणून नोंद असलेल्या, पिवळ्या बाणाच्या ग्रामीण वाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नाही. निळ्या बाणाची ‘ब्राइडलवे’, म्हणजे घोडवाट, १९६८ च्या कायद्याने सायकलींना खुली झाली, तीही पादचारी आणि घोडेस्वार यांना वाट देण्याच्या अटीवर. डार्क पीकमधील किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचे पठार, जिथे १९३२ मध्ये सामान्य लोकांनी जमीनदारांची बंदी मोडून सामूहिक प्रवेश केला, ते आज पायी फिरणाऱ्यांना मोकळे आहे. सन २००० च्या कायद्याने मोकळ्या माळरानावर मिळालेला हक्क मात्र फक्त पायी चालण्याचा आहे. त्यामुळे किंडरच्या माथ्यावरची सुंदर कड नकाशावर कितीही खुणावत असली, तरी ती सायकलस्वारासाठी नाही. स्वेलडेलमध्ये खाणींमुळे घोडवाटांचे जाळे दाट आहे आणि फेरे जुळवणे सोपे जाते.

मोसमाचाही विचार करावा. ऑगस्टमध्ये दोन्हीकडे हेदर जांभळे होते, पण १२ ऑगस्टपासून १० डिसेंबरपर्यंत ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम असतो आणि स्वेलडेलच्या मूरवर तो ठळकपणे जाणवतो. घोडवाटा तेव्हाही खुल्या राहतात; शिकारीची फळी दिसली तर थांबून, हात करून, इशारा मिळाल्यावर पुढे जावे. मार्च ते जुलै दरम्यान टिटवीच्या जातीचे पक्षी आणि कर्ल्यू जमिनीवरच घरटी करतात, तेव्हा वाट सोडू नये. डिसेंबरात चार वाजण्याच्या आत सूर्य मावळतो आणि वर ढग उतरला की पन्नास पावलांवरचे दिसत नाही. तेव्हा दिवा, नकाशा आणि जास्तीचे गरम कपडे हवेत. अपघात झाल्यास ९९९ वर आधी पोलिसांना आणि त्यांच्यामार्फत माउंटन रेस्क्यूला बोलवावे. ईडेल आणि स्वेलडेल दोन्हीकडे अशी स्वयंसेवकांची पथके आहेत.

एकच दिवस, रेल्वेचा प्रवास आणि हवामान कोरडे असेल, तर ईडेलला जावे. सायकलीवर हात बसलेला असेल तर कट गेटही करावी. पाऊस झाला असेल, बरोबर नवशिके असतील किंवा शनिवार-रविवार मोकळा असेल, तर स्वेलडेल घ्यावे. आठवडाभर धो धो पाऊस चालू असेल तर दोन्ही मूर सोडून नॉर्थ यॉर्क मूर्समधील डॅल्बी फॉरेस्टला जावे. तिथल्या वाटा सायकलसाठीच बांधलेल्या आहेत आणि हिरवी, निळी, लाल, काळी अशा रंगांनी त्यांची अवघडता ठरवलेली आहे.