घरी जोडलेला रीफ टँकचा एलईडी लाइट: चौदा महिन्यांनंतर

रीफ टँकवर, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, मागच्या एप्रिलमध्ये लावलेल्या या लाइटने आता दुसरा उन्हाळाही काढला. नवीन होता तेव्हाच लिहिणार होतो, पण लिहिलं नाही ते बरं झालं. तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण १९० लिटरची. इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत असते. आधी तिच्यावर ३९ वॉटच्या चार टी-फाइव्ह ट्यूब होत्या. प्रकाशाबद्दल तक्रार नव्हती, पण १५६ वॉट जळायचे, दुपारी खोली तापायची, आणि ट्यूब दर दहा-बारा महिन्यांनी बदलाव्या लागायच्या. त्या दिसायला चालूच असतात, पण हळूहळू रंग सरकतो. एका मेमध्ये पाणी ३१ अंशांवर गेलं आणि मी एलईडीचा नाद धरला. तयार लाइटच्या किमती बघितल्या आणि स्वतःच करायचं ठरवलं.

जेल रोडवर सामान घ्यायला गेलो. रॉयल ब्लू, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे, तीन वॉटचे वीस दाणे द्या म्हटल्यावर दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “झांकी के लिए ले जा रहे हो क्या, भिया?” झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात त्या अनंत चतुर्दशीला अजून पाच महिने होते. घरातल्या मत्स्यालयाला म्हटल्यावर त्याला वाटलं मी भाव पाडायला थाप मारतोय. थोडे दाणे आणि ड्रायव्हर तिथे मिळालेच नाहीत, ते मागवावे लागले.

एकूण ३६ एलईडी, बारा-बाराच्या तीन माळा. पहिली सगळी रॉयल ब्लू, दुसरीत आठ रॉयल ब्लू आणि चार जांभळे, तिसरी पांढरी. एका दाण्यावर साधारण ३.४ व्होल्ट पडतात, म्हणजे बाराची माळ ४१ व्होल्टच्या घरात. म्हणून ४८ व्होल्टची एसएमपीएस (घरच्या विजेची डीसी करणारा डबा), आणि प्रत्येक माळेला ७०० मिलीअँपियरचा वेगळा बक ड्रायव्हर, म्हणजे माळेतला प्रवाह ठरलेला ठेवणारा तुकडा. सगळं पूर्ण चाललं तर ८६ वॉट. मंद-प्रखर करायला एक नॅनो बोर्ड (प्रोग्रॅम भरायचा छोटा कंट्रोलर) आणि वेळ ठेवायला घड्याळाचं छोटं मॉड्यूल. सगळा खर्च साडेनऊ हजारांच्या आसपास गेला. त्यात जाळलेल्या वस्तूही आल्या.

सोल्डरिंगमध्ये मी पहिली चूक केली. एलईडीच्या चांदण्या, म्हणजे दाणा ज्यावर बसतो त्या चांदणीच्या आकाराच्या चकत्या, आधी हीटसिंकवर (उष्णता शोषणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर) पेस्ट लावून स्क्रूने घट्ट बसवल्या आणि मग टाके मारायला बसलो. खाली सगळं ॲल्युमिनियम! माझ्या २५ वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीची सगळी उष्णता ते पिऊन टाकायचं आणि टाका वरून गोल, चकचकीत, आतून कच्चा. दिवाळीच्या जुन्या माळेसारखा प्रकार, एक टाका सुटला की बाराही अंधारात. शेवटी सगळ्या चांदण्या काढल्या, टेबलावर ६० वॉटच्या इस्त्रीने आधी टाके मारून घेतले आणि मग पुन्हा बसवल्या. तो रविवार त्यातच गेला.

लेन्सचं थोडक्यात सांगतो. ६० अंशांच्या लावल्या, टाकीत ठिपके पडले, जांभळे वेगळे, पांढरे वेगळे. काढून टाकल्या. आता लाइट पाण्यापासून २० सेंटिमीटरवर आहे आणि बाजूला काळ्या शीटची पट्टी आहे, म्हणजे सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांत निळा झोत जात नाही.

पण पहिल्या संध्याकाळी लाइट लावला तेव्हाचं दृश्य अजून तसंच आवडतं. ट्यूबचा प्रकाश सपाट असतो, सगळीकडे सारखा सांडलेला. एलईडी म्हणजे बिंदू, त्यामुळे पाण्यावरच्या प्रत्येक तरंगाचं भिंग होतं आणि तळाच्या वाळूवर उजेडाची जाळी सरकत राहते. दुपारी विहिरीत डोकावल्यावर आतल्या भिंतीवर जे हलतं, अगदी तेच. निळ्यात झोअँथिड नावाच्या प्रवाळांची हिरवी-केशरी तोंडं आतून पेटल्यासारखी दिसतात. माझा आठ वर्षांचा भाचा अर्धा तास गप्प बसला होता, यावरून काय ते समजा.

टाकीत मऊ प्रवाळच आहेत: झोअँथिड, मशरूम, एक लेदर. सोबत टाकीतच पैदास झालेली क्लाऊनफिशची जोडी. कठीण सांगाड्याचे, रीफ बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी “मिळवून देतो” म्हणालं तरी त्या भानगडीत पडू नका. हे इथे सांगायचं कारण असं की लाइट किती मोठा करायचा हे कुठले प्रवाळ ठेवणार त्यावरच ठरतं, आणि मी ते ठरवलं नव्हतं. बाहेरच्या लोकांचे कठीण प्रवाळांसाठीचे आराखडे बघून ३६ दाणे ठोकले.

मित्राकडून दोन दिवसांसाठी पार मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड मोजणारा) आणला तेव्हा कळलं. तिन्ही माळा पूर्ण चालवल्यावर मधल्या दगडावर १९० माइक्रोमोल. माझ्या प्रवाळांना ५० ते १०० पुरतात. (स्वस्तातला लक्स मीटर इथे फसवतो. तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो, आणि आपल्या डोळ्याला हिरवा जास्त, निळा फार कमी दिसतो. त्यामुळे निळी माळ पूर्ण पेटली तरी आकडा गरीब.) तेव्हापासून दोन्ही निळ्या माळा ४५ टक्क्यांवर आणि पांढरी १२ वर चालते. पांढरी वाढवली की आठवड्यात काचेवर तपकिरी थर. म्हणजे मी केलेल्या लाइटचा निम्म्याहून जास्त भाग चौदा महिने नुसता बसून आहे.

उन्हाळ्यात मात्र याने पैसे वसूल केले. ४५ टक्क्यांवर हीटसिंक मेमध्येही चटका बसण्याइतका तापत नाही, आणि जी गरमी निघते ती हीटसिंकवरचे पंखे वर फेकतात. लाइटची वेळही सरकवली. हिवाळ्यात दुपारी एक ते नऊ, एप्रिल ते जून संध्याकाळी चार ते बारा. माळव्यात दिवसभर कितीही तापलं तरी रात्री हवा निवते, शब-ए-मालवा, माळव्याची रात्र, उगाच म्हणत नाहीत. या मेमध्ये पाणी २९ वर गेलं नाही. त्याची किंमत म्हणजे बाष्पीभवन. पाण्यावर वारा मारणारा वेगळा पंखा चालू असला की कोरड्या हवेत दिवसाला चार लिटर पाणी उडतं. मीठ आतच राहतं, म्हणून रोज आरओचं पाणी टाकावं लागतं. नळाचं नर्मदेचं पाणी तसंच ओतायचं नाही.

आता फेब्रुवारीतली गोष्ट. उज्जैनला चुलतभावाच्या मुलाची मुंज होती, मी दोन दिवस तिकडे. पहिल्या रात्री आईचा फोन.

“अरे, तुझ्या टाकीतला दिवा रात्री पण चालू असतो का?”

रात्री मी एक टक्का निळा ठेवतो. म्हटलं, “हो आई, तो चंद्रप्रकाश आहे. राहू दे, हात लावू नकोस.”

“बरं. पण एवढा चंद्र तर कोजागिरीलाही नसतो.”

मी हसलो आणि जेवायला गेलो.

परत आलो तेव्हा तिन्ही माळा शंभर टक्क्यांवर होत्या, दोन दिवस आणि दोन रात्री सलग. लेदर मिटून, वाळल्या आल्यासारखा. मशरूम आक्रसलेले, कडा पांढऱ्या. झोअँथिड सगळे बंद. प्रवाळाच्या मांसात जे सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाश जास्त झाला की घातक ऑक्सिजन बनवू लागतं आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. हे पुस्तकी मला आधीच माहीत होतं.

कारण शोधायला एक संध्याकाळ लागली. नॅनो आणि ड्रायव्हर यांना जोडणारी सामाईक उणे वायर, साधी, नुसती खोचून बसवायची जंपर, तिचं टोक हिरवं झालं होतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तसं. बुडबुड्यांबरोबर उडणारा खार वर चढतो, आणि मी बोर्ड लाइटच्याच मागे, उघडा चिकटवला होता. आता खरी मेख ऐका: या प्रकारच्या ड्रायव्हरची डिमची, म्हणजे मंद-प्रखर करायची, तार सुटली की ड्रायव्हर बंद होत नाही, पूर्ण चालू होतो. त्याच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं आहे. मी वाचलं होतं, आणि “तार कशाला सुटेल” म्हणून सोडून दिलं होतं.

आता प्रत्येक ड्रायव्हरच्या अगदी पायाशी, डिम आणि उणे यांच्यामध्ये एक रेझिस्टर टाकला आहे. तार सुटली की व्होल्टेज खाली ओढला जातो आणि माळ विझते. मीटर लावून, मुद्दाम तार उपटून तीनदा बघितलं. त्यामुळे वीज आल्यावर बोर्ड जागा होईपर्यंत जो एक भगभगीत झटका यायचा, तोही गेला. दिवा दोन दिवस बंद राहिला तर प्रवाळांचं काही बिघडत नाही, उलटं झालं तर काय होतं ते मी बघितलं. बोर्ड झाकणाच्या डब्यात घालून भिंतीवर नेला, जंपर फेकून सगळं टाके मारून पक्कं केलं, एलईडीखाली तीन मिलिमीटरचं ॲक्रिलिक लावलं. वायरींना सॉकेटच्या आधी खाली झोल आहे, म्हणजे ओघळ आलाच तर तिथूनच ठिबकेल. सातव्या महिन्यात खाराने अडकलेला एक पंखा आधीच बदलला होता. ते खरं तर पूर्वसूचनेसारखंच होतं.

लाइट २० टक्क्यांवर आणून दर आठवड्याला थोडा वाढवला. लेदर महिन्याभरात उघडला, झोअँथिड त्याआधीच. चार मशरूम मात्र गेले.

कोणी मऊ प्रवाळांसाठी करणार असेल तर तीन फुटांच्या टाकीला दोन माळा भरपूर झाल्या. वाचलेले पैसे डबा, ॲक्रिलिक आणि चांगल्या पंख्यांत घाला. मी तिसरी माळ काढणार होतो, पण टाके पुन्हा उपसायचा कंटाळा.

बाहेरगावी जाताना आता आईला सांगून ठेवलं आहे: बारानंतर लख्ख उजेड दिसला तर मला विचारत बसू नकोस, सरळ प्लग काढ. मागच्या आठवड्यात तिने काढलाही. मी तिथेच टाकीमागे वाकून पंखा पुसत होतो.