हरित मुदत ठेव: वर्षभराचा अनुभव, आणि बँकेला विचारलेला एक प्रश्न

मी परळला महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. दर पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरायचं आणि मुलांना हाताला धरून पलीकडे न्यावं लागायचं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री माझ्या वर्गातली कितीतरी मुलं बाकांवरच झोपली. त्यामुळे आमच्या सरकारी बँकेत 'हरित ठेव', म्हणजे जिचा पैसा फक्त पर्यावरणाच्या कामांना वापरायचा अशी मुदत ठेव, सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा निवृत्तीच्या पैशातले तीन लाख मी लगेच तिथे ठेवले. आता वर्ष झालं. सोसायटीतल्या दोघीतिघींनी विचारलं, 'ठेवू का गं?' म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेवेबद्दल तक्रार नाही. बचत खातं आधीपासून होतं, त्यामुळे अर्ध्या तासात पावती हातात आली. व्याज नेहमीच्या ठेवीपेक्षा किंचित कमी आहे. ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षण मात्र इतर ठेवींसारखंच.

अडलं ते पुढे. 'हा पैसा जातो कुठे?' असं मी काउंटरवर विचारलं. 'काकू, पर्यावरणाच्या कामाला,' तो मुलगा म्हणाला आणि हिरव्या पानाचं चित्र असलेलं पत्रक त्याने पुढे केलं. त्याचा काही दोष नाही, त्यालाही कोणी याहून जास्त सांगितलेलं नव्हतं. मग घरी येऊन रिझर्व्ह बँकेची नियमावलीच वाचून काढली. ती 1 जून 2023 पासून लागू आहे. सौर-पवन ऊर्जा, विजेवर चालणारी वाहतूक, पाणी-कचरा व्यवस्थापन, हरित इमारती अशा कामांना हा पैसा चालतो. कोळसा-तेल, अणुऊर्जा, तंबाखू, दारू, शस्त्रं यांना चालत नाही. 25 मेगावॉटहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नाही. पैसा कुठे वापरला याची दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घ्यायची आणि तो अहवाल बँकेने संकेतस्थळावर टाकायचा. हे सगळं मला मनापासून आवडलं.

माझा प्रश्न आहे तो विमानतळांचा. विमानतळ यातल्या कुठल्याच यादीत नाही. आणि 'हरित इमारत' म्हणजे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेली इमारत. मग उद्या एखाद्या टर्मिनलला तसं प्रमाणपत्र मिळालं, तर माझे तीन लाख तिथे जाऊ शकतील का? छतावर सौर पॅनेल असले तरी धावपट्टीवरून उडणारं विमान रॉकेलच्याच जातीचं इंधन जाळतं.

मी विमानाच्या विरोधात नाही. माझी आत्या कुडाळला असते. तिच्या डोळ्याचा पडदा निसटला तेव्हा सिंधुदुर्गातल्या चिपीहून विमानाने ती मुंबईत आली आणि दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन झालं. तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर बसून आली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. तीन वर्षांनी, 2024 च्या ऑक्टोबरात, 'उडान'मधलं, म्हणजे छोट्या शहरांना विमानाने जोडायच्या केंद्र सरकारच्या योजनेतलं, ते मुंबईचं विमान थांबलं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात हेच चित्र देशभराचं दिसतं: 'उडान'च्या पहिल्या तीन टप्प्यांत विमान कंपन्यांना दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत, जे 371 सुरू झाले त्यांतल्या 112 मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि मार्च 2023 पर्यंत त्यापुढेही चालू राहिले फक्त 54. आमच्या कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं, आणि ती गाडी रोज सुटते.

ही आकडेवारी ठेवीदाराने का बघायची? कारण विमानतळ शेवटी आपल्यासारख्यांच्या ठेवींतूनही उभे राहतात. नवी मुंबईच्या विमानतळासाठी स्टेट बँकेने 2022 मध्ये 12,770 कोटींचं कर्ज मंजूर केलं. (माझी ठेव दुसऱ्या सरकारी बँकेत आहे.) तो मोठ्या शहराचा विमानतळ, तिथे प्रवासी मिळतील. जिल्ह्याच्या विमानतळाचं तसं नसतं. स्पेनमध्ये सिउदाद रेआलचा विमानतळ सुमारे शंभर कोटी युरो खर्चून बांधला. 2008 मध्ये उघडला, 2012 मध्ये बंद पडला. त्यात पैसा गुंतवलेली तिथली बचत बँक 2009 मध्येच स्पेनच्या मध्यवर्ती बँकेला ताब्यात घ्यावी लागली. ती एकट्या विमानतळापायी बुडाली असं मी म्हणत नाही, पण वाचून पोटात गोळा आला.

युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक ही युरोपीय संघातल्या देशांच्या मालकीची, म्हणजे सरकारीच बँक. ती पूर्वी विमानतळांना कर्ज द्यायची. नोव्हेंबर 2020 मध्ये तिने नियम केला: विमानतळाची क्षमता वाढवायला यापुढे पैसा नाही. सुरक्षेची आणि प्रदूषण कमी करण्याची कामं चालतील. असा नियम लेखी असला की ठेवीदाराला समजतं. आपल्याकडे मी हिरव्या खिशात तीन लाख टाकायचे आणि त्याच बँकेने शेजारच्या खिशातून धावपट्टीला कर्ज द्यायचं, हे मला पटत नाही. कुठल्या विमानतळाला द्यायचं, त्या गावाला रेल्वे आहे का, प्रवासी येणार किती, पावसाचं पाणी कुठे जाणार, हे बँकेने ठरवून जाहीर करावं. आत्यासारख्यांसाठी दोन विमानं जरूर चालवा, पण चालतील अशी चालवा.

शाखेच्या व्यवस्थापकांना मी हे सगळं पत्रात लिहून दिलं, पोच घेतली. दोन महिने झाले, उत्तर आलेलं नाही. सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन, माहितीला दीड. ठेव मोडणार नाही, पण चौथा लाख घालणार होते तो सध्या बचत खात्यातच ठेवलाय. तुम्ही ठेव ठेवायला गेलात तर गेल्या वर्षीचा तपासणी अहवाल आधी मागा. काउंटरवर मिळाला नाही तर तसं लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.