मुलाचा मुतखडा: लिथोट्रिप्सी, लेझर की पाठीतून दुर्बीण?

माझ्या आठ वर्षांच्या लेकाच्या डाव्या किडनीत १४ मिलिमीटरचा खडा निघाला, तेव्हा नाशिकरोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी हुलग्याचं कढण सांगितलं, कुणी पानफुटीची पानं आणून दिली. सगळ्यांची माया खरी होती, पण एवढा मोठा खडा कढणाने पडत नाही. मूत्रनलिकेत, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, उतरलेला पाच मिलिमीटरच्या आतला खडा बरेचदा आपोआप पडतो, तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थांबता येतं. पण दुखण्यासोबत ताप किंवा थंडी असेल, लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. अडलेल्या किडनीतला जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो.

आम्ही तिन्ही पद्धतींची तुलना शेवटी एकाच प्रश्नावर केली: पोराला भूल किती वेळा द्यावी लागेल?

लिथोट्रिप्सीत चिरफाड नाही, बाहेरून धक्क्याच्या लहरी देऊन खडा फोडतात. मुलांची मूत्रनलिका ताणली जाते, म्हणून चुरा मोठ्यांपेक्षा सहज उतरतो. साधारण दोन सेंटिमीटरच्या आतल्या, फार कठीण नसलेल्या खड्याला ही पद्धत चांगली. मात्र मोठा माणूस अनेकदा नुसत्या वेदनाशामकावर निभावतो, तसं लहान मूल हलल्याशिवाय पडून राहत नाही, त्याला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते. शिवाय खडा एका बैठकीत फुटेलच असं नाही. किडनीच्या खालच्या कप्प्यातला किंवा सिस्टिनचा (एका आनुवंशिक दोषामुळे होणारा) कठीण खडा इथे दाद देत नाही. अगदी लहान बाळाचं फुफ्फुस लहरींच्या वाटेत येऊ नये म्हणून थर्माकोलचा आडोसा लावतात, ती सोय आहे का ते विचारा.

लेझरबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. एका ठिकाणी आम्हाला ‘टाका नाही, दोन दिवसांत घरी’ एवढंच सांगितलं. लघवीच्या मार्गाने बारीक, वळणारी दुर्बीण वर नेऊन लेझरने खडा फोडतात, हे खरंच. पण लहान मुलाची नलिका अरुंद असते. दुर्बीण गेली नाही तर आधी स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकून एक-दोन आठवडे थांबतात, मग पुन्हा प्रयत्न. त्यानंतर राहिलेला स्टेंट काढायला लहान मुलाला बहुधा परत भूल. म्हणजे एका खड्यासाठी तीनदा. हे आम्ही खोदून विचारलं तेव्हा कळलं, आणि त्याचा मला आजही राग आहे. नलिकेतल्या खड्याला मात्र हीच पद्धत उत्तम.

आमचा खडा खालच्या कप्प्यात होता, म्हणून आम्ही मिनी पीसीएनएल, म्हणजे पाठीतून दुर्बीण, निवडली. पाठीतून पाच-सहा मिलिमीटरची वाट करून किडनीत शिरतात. खडा एकाच वेळी साफ होण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त, आणि दोन सेंटिमीटरच्या वरच्या किंवा फांद्या फुटलेल्या खड्याला सहसा हीच सुचवतात. धोकाही इथेच जास्त: रक्तस्राव, क्वचित रक्त चढवावं लागणं, नंतर ताप. आत सोडलेल्या पाण्याने मुलाचं अंग गार पडतं, म्हणून ते कोमट करून वापरतात. लघवीत जंतू असतील तर आधी औषधाने ते घालवूनच टेबलावर घेतात. लेकाची लघवी दुसऱ्या दिवशी गुलाबी दिसली तेव्हा माझे हातपाय गळाले होते. तिसऱ्या दिवशी ती निवळली.

मुलांत ही शस्त्रक्रिया सरावलेल्या हातांत सुरक्षित आहे. म्हणून ‘तुम्ही या वयाच्या किती मुलांची केली?’ हे न लाजता विचारा, आणि भूलतज्ज्ञांनाही भेटा. आमच्याकडे शालिमारजवळ विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, मुंबईत परळला मुलांचं वाडिया. महात्मा जोतिराव फुले योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला) दाखल होण्याआधीच विचारा.

काढलेला खडा डबीत घालून आठवण म्हणून घरी आणू नका, तपासणीला द्या. मुलांमध्ये खडा परत होतो, आणि मागे बरेचदा लघवीतल्या कॅल्शियमचं, सायट्रेटचं किंवा आनुवंशिक काहीतरी कारण असतं. त्यासाठी चोवीस तासांची लघवी तपासतात. आम्ही ती रविवारी पाच लिटरच्या कॅनमध्ये जमवली. तेव्हाच कळलं की लेक शाळेत पाणीच पीत नाही, कारण तिथल्या संडासात जायला त्याला किळस येते. मी वर्गशिक्षिकांना जाऊन भेटले. आता त्याला मधल्या सुट्टीआधी, गर्दी नसताना जाऊ देतात, आणि बाटली रिकामी घरी येते.