लॅपटॉपच्या झाकणावर वारली: लेझरने कोरायची की स्किन लावायची?

भाचीने नवा लॅपटॉप घेतला आणि दुसऱ्याच दिवशी विचारलं, "मावशी, मी काढलेला तारपा नाच यावर कोरून घेऊ का?" मी म्हटलं, आधी झाकण कशाचं आहे ते बघ.

सगळं त्यावरच ठरतं. गडद रंगाचं अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम (म्हणजे वर रंगीत ऑक्साइडचा थर चढवलेलं) असेल तर लेझर वरच्या पातळ थरातला रंग उडवतो आणि रेष पांढुरकी उमटते, गेरूवर तांदळाच्या पिठाची उठते तशीच. चंदेरी झाकणावर तीच रेष करडी पडते, तिरकं धरल्याशिवाय धड दिसत नाही. तिथे काळी रेष हवी तर मोपा फायबर मशीन (लेझरच्या झटक्यांची लांबी बदलता येणारं) असलेला माणूस गाठावा लागतो. झाकण प्लास्टिकचं असेल तर कोरायचा नाद सोडा, कडा वितळून ओबडधोबड होतात. फोटो किंवा रंगीत चित्र असेल तरी सरळ स्किनच, म्हणजे झाकणावर चिकटवायचं छापील व्हिनाइल, घ्या.

स्किनचं काम सोपं. लॅमिंग्टन रोडला जा, छापून, लावून घ्या, कंटाळा आला की काढा. पण मुंबईची हवा आणि लोकलमधली घुसमटलेली बॅग तिला मानवत नाही. माझ्या स्किनचे कोपरे दुसऱ्याच पावसाळ्यात सुटले. गोंदात धूळ बसून कडेने काळी किनार तयार झाली. हेअर ड्रायरने गरम करून ती सोलली, उरलेला गोंद खोबरेल तेलाने पुसत अर्धा रविवार गेला. लावलेल्या स्किनवरूनच लेझर फिरवायची कल्पना कोणी सुचवली तर साफ नाही म्हणा. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसालाही वाईट आणि मशीनलाही.

कोरायचं ठरलं तर ट्रॉफी, नेमप्लेट करणाऱ्याकडे जा. चित्र व्हेक्टर फाइलमध्ये (ठिपक्यांऐवजी रेषांनी साठवलेलं) द्या. मशीनची लेन्स एका वेळी किती जागा कोरते ते विचारा. बऱ्याच ठिकाणी ती ११० बाय ११० मिलिमीटरच असते. त्याहून मोठं चित्र तुकड्यांत करावं लागतं आणि सांधे दिसतात. त्याच रंगाच्या भंगार पत्र्यावर नमुना मागा, मग झाकणावर मास्किंग टेप लावून त्यावर बाह्यरेषेची जागा पक्की करा. लॅपटॉप पूर्ण बंद आणि पोर्ट झाकलेले हवेत, कारण पावडरीसारखी बारीक धूळ उडते.

दिशा मात्र दहादा तपासा. मिटलेला लॅपटॉप समोर ठेवून चित्र सरळ लावलं, तर उघडल्यावर समोरच्याला ते उलटं दिसतं. अ‍ॅपलचंही चिन्ह पूर्वी असंच उलटं दिसायचं, मग त्यांनी फिरवलं. स्किन सोलून दुसरी लावता येते. कोरलेलं फिरवता येत नाही, आणि एक्स्चेंजला दिलं की भाव पडतो.

भाचीचं झाकण काळपट, नाच नुसत्या रेषांचा, लेन्समध्ये अख्खा मावणारा, आणि लॅपटॉप ती मोडेपर्यंत वापरणार. कोर म्हटलं. खाली कॉलेजच्या ग्रुपचं नाव घालायचा बेत मात्र मी हाणून पाडला. त्याची वेगळी स्किन कर म्हटलं.