वाशीतील परवाना सल्लागार: मीडच्या छोट्या उद्योगासाठी घेतलेली सेवा

मध आंबवून केलेल्या मीडचा छोटा उद्योग खारघरमध्ये सुरू करायचा, असे माझ्या धाकट्या दिरांनी आणि मी ठरवले. गाळ्याची अनामत भरण्यापूर्वी आम्ही वाशीतील एका परवाना सल्लागार बाईंकडे गेलो. पहिल्या दीड तासाच्या भेटीचे त्यांनी २,००० रुपये घेतले. ते पैसे त्याच दिवशी वसूल झाले असे मी मानते, कारण न होणाऱ्या गोष्टी त्यांनी आधीच स्पष्ट सांगितल्या.

पत्ता नवी मुंबईचा, म्हणजे कागदपत्रे ठाण्याला द्यायची, असे आम्ही धरून चाललो होतो. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात असले तरी खारघर, कामोठे आणि पनवेल रायगडमध्ये मोडतात आणि जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे काम जिल्ह्यागणिक चालते, त्यामुळे गाळा कोणत्या उपनगरात घेतो यावर आमच्या पुढच्या सगळ्या खेपा ठरणार होत्या. शिवाय सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असते आणि तिचा वापर करारात ठरलेला असतो, म्हणून मूळ करार वाचल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नका, असे त्यांनी बजावले.

दुसरी चूक याहून गंभीर होती. चव जमेपर्यंत घरीच २० लिटरचे प्रयोग करावेत, असा दिरांचा बेत होता. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील कलम १२ परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई करते आणि विक्री केली नाही म्हणून तो गुन्हा टळत नाही, हे बाईंनी कायद्याचे पान समोर ठेवून दाखवले. बेंगळुरू आणि गोव्यातील उद्योजकांकडून गोळा केलेली आमची माहितीही त्यांनी बाजूला सारायला लावली. मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय असल्याने प्रत्येक राज्याचे नियम आणि शुल्क वेगळे असते. पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे बाटल्यांवर भरलेल्या जीएसटीची वजावट आम्हाला मिळणार नाही, हेही तेव्हाच कळले आणि खर्चाचा तक्ता नव्याने मांडावा लागला. समाजमाध्यमांवर जाहिरात करण्याचा विचार, त्याच अधिनियमातील मद्याच्या जाहिरातीला मनाई करणारे कलम २४ ऐकल्यावर सोडून दिला.

पुढच्या टप्प्यातील काम मात्र ढिसाळ झाले. अर्जाचा मसुदा ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा आला आणि त्यात परमिट रूमच्या फाइलमधून उचललेली पाने होती: ग्राहकाचे वय बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर कडक मद्यासाठी २५ असल्याची खातरजमा कशी करणार, हा प्रश्न केवळ उत्पादन करणाऱ्याला विचारण्याचे कारण नव्हते. चूक दाखवल्यावर त्यांनी मसुदा विनामूल्य पुन्हा लिहून दिला. मात्र एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे लेबल, त्यावरील मद्यप्रमाण आणि वैधानिक इशारा तपासण्याचे शुल्क वेगळे आहे, हे काम अर्धे झाल्यावर सांगणे मला अजिबात पटले नाही.

आता आम्ही खारघर सोडून रबाळे औद्योगिक वसाहतीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात, गाळा पाहत आहोत. त्या अर्जासाठीही याच बाईंकडे जाणार आहोत, पण या वेळी प्रत्येक कामाचा दर आणि तारीख लेखी घेऊनच पैसे देऊ.