पद्मिनीचं पत्राकाम: बंपर कुठला, पत्रा कुणाचा?

घरातली जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की सगळे आधी इंजिनाची चिंता करतात. ते १०८९ सीसीचं इंजिन बिचारं साधं आहे, हात बसलेला मेस्त्री अजूनही शोधला की सापडतो. पैसा आणि झोप जाते ती पत्र्यात. तिथे दोन प्रश्न उभे राहतात. बंपर जुनाच क्रोम करून घ्यावा की स्टेनलेस स्टीलचा नवा बसवावा? आणि सडलेल्या जागी हाताने घडवलेला पत्रा लावावा की दुसऱ्या पद्मिनीचा कापून आणावा?

हे प्रश्न एका दमात विचारले जातात, पण त्यांचं वजन सारखं नाही. बंपर बोल्टवर असतो. निर्णय चुकला तर रविवारी दुपारी पाना घेऊन काढून ठेवता येतो. कापलेला पत्रा परत येत नाही. माझी १९७८ ची गाडी करताना मी नेमकं उलटं केलं. बंपरचा विचार दोन महिने केला आणि दाराखालच्या सिलचा निर्णय डेंटरने घेऊन टाकला, मी ऑफिसात असताना.

बंपर

जुना बंपर क्रोम करायला देण्याआधी आतल्या बाजूने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडून बघा. टोक आत गेलं तर विषय संपला. पत्रा शाबूत असेल आणि वर नुसते गंजाचे टिपके असतील, तर माझं मत जुन्याच्या बाजूने आहे. त्याची गोलाई आणि टोकांचं वळण कारखान्याच्या डायमधून, म्हणजे साच्यातून, आलेलं आहे, ते हाताने तंतोतंत येत नाही.

मात्र क्रोम म्हणजे काय, ते दुकानात जाण्याआधी समजून घ्या. वर दिसणारा क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, गंज अडवतो तो त्याच्याखालचा निकेल. नीट काम म्हणजे आधी ठोके काढणं, मग तांबं, बफिंग, खड्डे राहिले असतील तर पुन्हा तांबं, त्यावर जाड निकेल आणि शेवटी क्रोम. घाईच्या कामात तांबं गाळतात आणि निकेल नुसता दाखवतात. गाडी घरी येते तेव्हा दोन्ही बंपर आरशासारखेच दिसतात, फरक पहिल्या पावसाळ्यानंतर कळतो. बफिंगही जपून करायला सांगा. जास्त घासलं की कडा बोथट होतात आणि बंपर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत दिसू लागतो. आणखी एक: आतल्या खोलगट भागात प्लेटिंग पुरेसं पोचत नाही. तिथे झिंक प्रायमर आणि रंग आपणच मारायचा, दुकानदार आपणहून सांगत नाही.

स्टेनलेसचा बंपर समुद्राजवळ राहणाऱ्यांना मोह घालतो, आणि तो मोह अगदीच चुकीचा नाही. सोलायला त्याच्यावर थरच नाही. पण '३०४' या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसच्या नावाखाली हलक्या प्रतीचं '२०२' खपवतात आणि खाऱ्या हवेत २०२ ला तांबूस डाग पडतात. लोहचुंबकाची परीक्षा इथे कामाची नाही, कारण सपाट पत्र्यात दोन्ही प्रकार चुंबकाला जवळपास चिकटतच नाहीत. लेखी बिल मागा. रंगातही फरक आहे. क्रोमला निळसर झाक असते, स्टीलला किंचित पिवळट. बंपर स्टीलचा आणि जाळी, हेडलाइटच्या रिंगा क्रोमच्या असल्या की उन्हात ते डोळ्यांत येतं. शिवाय स्टील वाकवलं की उलटं उसळतं, म्हणून कारागीर तो तुकड्यांत करून जोडतो. ओल्या फडक्याने पुसताना जोडावर बोट फिरवा, तिथे लहर लागते.

जाड पाइपचा 'मजबूत' गार्ड लावायचा सल्ला मिळेल. नको. अशा गार्डवर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच बंदी घातली आहे, आणि धक्का बंपरने खाण्याऐवजी थेट बॉडीत जातो.

थोडक्यात, गाडी महिन्यातून दोनदा निघत असेल तर जुना बंपर क्रोम करा. रोज वापरायची आणि घर वसई-अलिबागकडे असेल, तर स्टीलचा लावा आणि जुना ग्रीस फासून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाका. विकू नका.

पत्रा

इथे जरा सावकाश. पद्मिनी ही मूळची फियाट ११००. तिला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; बॉडी हीच चासी. त्यामुळे सिल, फ्लोअर आणि खांब हे नुसते झाकण नव्हेत, गाडी त्यांच्यावर उभी असते. सिल कापण्याआधी दाराच्या उघड्या जागेत चौकोनी पाइपचा तात्पुरता आधार वेल्ड केला नाही, तर गाडी मधून बसते. माझी बसली. मागचं डावं दार आजही वर उचलून लावावं लागतं.

आता दुसऱ्या गाडीचा पत्रा. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. २० वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. जी गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली, तिचे तुकडे कुर्ल्याच्याच भंगार बाजारात शोधायचे, हा योग काही चांगला वाटत नाही. तरी फायदा खरा आहे. वळणं मूळ डायची असतात. बॉनेट, डिकीचं झाकण, हेडलाइटभोवतीचा फुगीर भाग यांना दोन्ही दिशांनी गोलाई असते. असा भाग हाताने घडवायला रेतीची पिशवी, लाकडी हातोडा आणि मुरलेला हात लागतो. तो हात आता दुर्मीळ झाला आहे. या भागांसाठी तयार तुकडाच आणा.

पण टॅक्सी म्हणजे वीस पावसाळे. डाव्या बाजूला जुन्या मीटरच्या ब्रॅकेटची बुजवलेली भोकं असू शकतात, डिकीच्या तळाला सीएनजी टाकीच्या पट्ट्यांची. दाराचा खालचा वीतभर भाग तर बहुतेकदा लांबीचाच, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचाच, असतो. फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक घेऊन जा आणि ते वरून खाली फिरवत न्या. ज्या जागी पकड सुटते तिथे पत्रा नाही, लांबी आहे. एक सडका पत्रा काढून दुसरा सडका बसवायला पैसे मोजू नका.

सिल, फ्लोअर, दाराचा तळ, स्टेपनीचा खड्डा, म्हणजे सपाट किंवा एकाच दिशेने वाकलेले भाग, हाताने घडवलेलेच बरे. आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, मग पत्रा. सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा २० गेजचा, साधारण ०.९ मिमी. जुन्या शाबूत भागाची जाडी मोजून पक्कं करा. डेंटरला 'जाड टाका, टिकेल' असं म्हणू नका. जाड पत्र्याला पातळ पत्रा वेल्ड केला की उष्णतेने पातळ पत्रा वेडावाकडा होतो.

खरी मेख जोडात आहे. सोपा मार्ग म्हणजे सडक्या भागावरच नवा तुकडा चढवून कडा वेल्ड करणं. दिसायला झकास, पण दोन पत्र्यांच्या मधे पाणी राहतं आणि तीन-चार वर्षांत रंग फुगायला लागतो. कडेला कड लावून जोडायला वेळ दुप्पट लागतो, मजुरीही वाढते. ती द्या. सीओटू वेल्डिंगने एकमेकांपासून लांब, छोटे टाके मारत, मधे थंड होऊ देत काम करायला सांगा. गॅस वेल्डिंगचा जोड हातोडीने बसवता येतो हे खरं, पण उष्णता जास्त पसरते, मोठ्या सपाट भागावर तो नको.

आणि एक अट कागदावर लिहून घ्या: लांबी लावण्याआधी मला फोन करायचा. उघडा पत्रा बघायचा, फोटो काढायचे. लांबी दोन-तीन मिमीच्या वर गेली की पुढे तडकते. दाराच्या फटीत जुनं जाड पाच रुपयांचं नाणं वरून खालपर्यंत सरकवून बघा. मधेच अडकलं किंवा सैल पडलं, तर रंगाआधीच दुरुस्त करून घ्या.

ज्यांची गाडी पन्नाशीला पोचली आहे त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो, मुदत १० वर्षं, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनी त्या वयाच्या झाल्या आहेत. अशी गाडी असेल तर अर्धी बॉडी दुसऱ्या गाडीची बसवण्याआधी आरटीओत विचारा, आणि कापायच्या आधीचे फोटो जपून ठेवा. माझ्याकडे तसे तीनच आहेत, तेही बंपरचे.